सरावाची पेशंट

मागच्या रविवारी स्क्रीनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी जपानी का शिकते, जपानमध्ये तर आपलं कोणीच नाही. मी म्हटलं, वेळ जातो. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. पूर्ण उत्तर लांब आहे आणि रविवारच्या कॉलमध्ये मावणारं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. कुठे अडलं तर मला विचारा, त्याने मनाने अर्थ लावू नये.

आजोबा गेल्यानंतर सात आठवड्यांनी मी त्यांची खाट द्यायला काढली. खाट दवाखान्यातल्यासारखी होती, हँडल फिरवून पाठ वर करता येणारी, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे असलेली. पक्षाघात झाल्यावर चौदा महिने ते तिच्यावर होते. डावी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. त्या चौदा महिन्यांचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं होतं: कूस बदलणे, पाणी, औषध, पुन्हा कूस. ते गेल्यावर कागद काढला, पण मी त्याच वेळांना उठत राहिले. खोलीत जायचं, रिकाम्या गादीकडे बघायचं, परत यायचं. रडू येत नव्हतं. सोसायटीतल्या बायका भेटायला येत, त्या माझ्यापेक्षा जास्त रडत, आणि मी त्यांना पाणी आणून देत असे. तुमच्या बाबाने फोनवर विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरी आहे. सिलिंडर आला." सिलिंडर खरंच आला होता.

खाट कोणाला द्यावी हे आजोबांच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुचवलं. आमच्या सर्जापूर रोडवरून बेळ्ळंदूरकडे जाताना एका टाइल्सच्या दुकानाच्या वर दोन मजल्यांवर एक संस्था आहे. नर्सिंग शिकलेल्या तरुण मुलामुलींना तिथे आठ महिने जपानी भाषा शिकवतात आणि जपानमधल्या वृद्धाश्रमांत कामाला पाठवतात. आश्रमाचे लोक व्हिडिओवर मुलाखत घेतात, म्हाताऱ्या माणसाला कसं उठवता, कसे कपडे घालता ते बघतात, आणि निवडतात. या संस्थेला सरावासाठी खाट हवी होती.

टेम्पोत खाट चढवली आणि मीही ड्रायव्हरच्या शेजारी बसले. ते हँडल उलटं फिरवलं की अडकतं. कागदावर लिहून दिलं असतं, पण लिहिलेलं कोणी वाचत नाही, हा माझा कारखान्याच्या ग्रंथालयातला तीस वर्षांचा अनुभव आहे. ड्रायव्हर कन्नडमध्ये म्हणाला, "अम्मा, तुम्ही कशाला खाटेबरोबर?"

"स्वल्प काम आहे," मी म्हटलं.

"सरी," तो म्हणाला, म्हणजे बरं, आणि टेम्पो सुरू केला.

वर गेले तर दारात चपलांची ओळ होती, सगळ्या चपलांची तोंडं बाहेरच्या दिशेला. मला ते आवडलं. खोलीत वीसेक मुलं एका रबरी बाहुलीला स्वेटर घालायचा सराव करत होती. मी आत जाताच सगळी उभी राहिली आणि कमरेत वाकली. त्यांच्या बाई तमिळ होत्या, पन्नाशीच्या, अकरा वर्षं जपानमधल्या अशाच आश्रमात काम करून परत आलेल्या. त्यांना सगळे सेन्सेइ म्हणत, म्हणजे गुरुजी किंवा बाई. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलल्या.

मी हँडलचं समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं. मग बाहुलीकडे बघून म्हणाल्या, "ही बाहुली कधी तक्रार करत नाही, तोच तिचा दोष आहे. तुम्ही पाच मिनिटं झोपाल का?"

मी झोपले. चौदा महिन्यांत त्या खाटेवर मी एकदाही आडवी झाले नव्हते. गादी मी दिवसातून दोनदा हाताने चाचपायचे, पण ती माझ्या कल्पनेपेक्षा कडक निघाली.

सेन्सेइंनी एका मुलीला पुढे बोलावलं. सावळी, दणकट हातांची, केस घट्ट बांधलेले. ती आली आणि काही कळायच्या आत तिचा एक हात माझ्या खांद्याखाली आणि दुसरा गुडघ्यापाशी होता, आणि मी कुशीवर होते. सफाईदार काम. मला स्वतःला ते तितकं कधीच जमलं नव्हतं.

"थांब," सेन्सेइ म्हणाल्या. त्यांनी मला नियम समजावून सांगितला, बहुधा तिलाही पुन्हा ऐकू जावा म्हणून. जपानमध्ये अशा माणसाला सांगितल्याशिवाय हात लावत नाहीत. आधी खाली वाकून त्याच्या डोळ्यांसमोर यायचं. "शित्सुरेइ शिमास" म्हणायचं, म्हणजे आगाऊपणाची माफी असावी. मग आपण काय करणार ते सांगायचं: आता मी तुमच्या उजव्या खांद्याला हात लावते. मग थांबायचं. त्याने हो म्हटलं, मान हलवली, नुसती पापणी हलवली, की मग हात लावायचा. प्रत्येक वेळी. दिवसातून शंभर वेळा करावं लागलं तरी.

मुलगी सरळ उभी राहिली, "हाइ, सेन्सेइ," म्हणाली, म्हणजे हो. आणि खाली बघून मराठीत पुटपुटली, "इतकं बोलत बसलं तं माणूस गादीवरच म्हातारा होईल."

"झालेलाच आहे," मी गादीवरून म्हटलं.

ती दचकली. "मायबाई! आजी, तुम्ही मराठी आहात का जी?"

ती भंडाऱ्याकडची होती. "जी" हा शब्द ती प्रत्येक वाक्याला लावायची, तुम्ही तिथे राहून वाक्याच्या शेवटी "राइट?" लावता तसा. सेन्सेइ म्हणाल्या, "उद्या दोनला याल?" मी हो म्हटलं. घरी जायचं तर होतंच, पण उद्याच्या दोन वाजताचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पहिले काही दिवस मी फक्त दुपारी खाटेवर पडायला जायचे. मग माझ्या लक्षात आलं की ही मुलं मला काय सांगताहेत ते मला कळत नाही, आणि न कळता हो म्हणणं मला पटेना. म्हणून सकाळच्या भाषेच्या तासालाही बसू लागले, शेवटच्या बाकावर. वर्गात बाकी सगळी बावीस-तेवीस वर्षांची. मणिपूरची, ओडिशाची, केरळची, दोघी नेपाळहून आलेल्या. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

दिवस असा असे. पावणेदहाला चपला काढायच्या, फोन पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा. मग सगळ्यांनी वाकून एकमेकांना सकाळचा नमस्कार. पहिल्या आठवड्यात वाकताना माझा पदर पुढे यायचा, म्हणून मी तिथे साडी नेसणं बंद केलं. झाडणं-पुसणं मुलंच करत, माझ्या वाट्याला फळा आला. दहा ते बारा भाषा. मग वसतिगृहातून आलेला भात आणि सांबार. दोन ते चार खाट. निवृत्त होताना मला ग्रंथालयातली कोरी कॅटलॉग कार्डं मिळाली होती, चार गठ्ठे, संगणक आल्यावर ती कोणालाच नको होती. त्यांच्यावर मी एका बाजूला जपानी अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहू लागले. मुलांनी मोबाइलवर काय काय घेतलेलं होतं, पण चाचणीच्या आदल्या दिवशी माझे गठ्ठे मागायला यायची. मी सही घेऊनच द्यायचे. घरी गेल्यावर जेवून कार्डं उलटायची आणि झोपायचं. मला त्यात आनंद होत होता असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. अक्षरं बसत होती, एवढंच.

त्या मुलीबद्दल सांगायला हवं. भाषेत ती वर्गात पहिली होती. लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. पण दोन आश्रमांनी तिला मुलाखतीत नाकारलं होतं, दोन्ही वेळा त्याच कारणासाठी: हात आधी, शब्द मागून. संस्थेचा नियम तीन मुलाखतींचा होता. तिसऱ्यांदा नाही झालं तर वसतिगृहातली जागा पुढच्या तुकडीला द्यायची आणि आपण घरी. घरी म्हणजे पुन्हा नागपूरचा तो खासगी दवाखाना, जिथे रात्रपाळीत एका मजल्यावर ती एकटी असायची.

"चाळीस पेशंट, आजी," ती मला म्हणाली. आम्ही जेवत होतो. "एकाले विचारत बसली असती तं बाकीचे ओलेच राह्यले असते. तिथं मले कोणी वाईट नाही म्हटलं. मोठी सिस्टर म्हणायची, हिचा हात मशीनसारखा चालते."

"इथे मशीन नको आहे त्यांना."

"तेच तं. जे चांगलं होतं तेच खराब झालं." तिने सांबारातला शेवग्याचा तुकडा बाजूला काढून ठेवला. "आणि हे लाकूड काहून टाकतात जी भाजीत?"

तिसरी मुलाखत नऊ आठवड्यांवर होती. सेन्सेइंनी मला सांगितलं की बाकीच्यांबरोबर आळीपाळीने पंधरा मिनिटं, हिच्याबरोबर रोज अर्धा तास. मी हो म्हटलं.

माझी भूमिका ठरलेली होती: डावी बाजू गेलेली बाई. डावा हात, डावा पाय माझा नाही असं समजायचं. ते वाटतं तितकं सोपं नाही. कपडे काढताना चांगल्या बाजूने सुरुवात करायची आणि घालताना गेलेल्या बाजूने, हा तिथला पहिला धडा. तो फळ्यावर वाचला तेव्हा मी वहीत उतरवून घेतला. घरी हे मला आपलं आपण कळायला तीन महिने लागले होते. तोपर्यंत आजोबांचे दोन सदरे काखेत फाटले.

मी वाईट पेशंट होते. डास आला की डावा हात उठायचा. "आजी, हा हात मेला आहे नं?" ती विचारायची. "मग डास कोण हाकलून राह्यलं?" नेपाळच्या मुलींनाही तेवढं मराठी कळू लागलं होतं. त्या हसायच्या.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी सेन्सेइ घड्याळ लावून बसल्या होत्या. मुलगी घाबरलेली होती. माझ्यापाशी आली, वाकली नाही, बोलली नाही, आणि मला भिंतीच्या बाजूला वळवलं. रोज वळवायची तसंच. पण त्या दिवशी मी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्या हाताने लोखंडी कठडा पकडला होता. मी पकडला नव्हता, त्याने पकडला होता. बोटं पांढरी झाली होती.

चार वाजता घरी आले, चहा केला, प्यायले. मग कपाटातून आजोबांची फाइल काढली. रोजच्या नोंदी माझ्याच अक्षरात. त्यांना भिंतीकडे वळवलं की ते उजव्या हाताने कठडा धरत, आणि मी वळवणं झाल्यावर लिहीत असे: "पकड चांगली." फिजिओथेरपिस्ट बाईंनी पकडीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पहिल्या महिन्यात तीनदा लिहिलेलं आहे. नंतर नंतर रोज. अक्षर सगळीकडे सारखं, सरळ रेषेत.

ते बोलू शकत नव्हते हे मी तुम्हाला सांगितलं. मी बोलू शकत होते. सुरुवातीला बोलायचेही. मग उत्तर येत नाही म्हटल्यावर कधी थांबले ते आठवत नाही. वेळा मात्र एकही चुकली नाही. फाइल मी जागेवर ठेवली. त्या संध्याकाळी नेहमीइतकीच भूक लागली आणि मी जेवले, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "तू न सांगता वळवलंस की मी कठडा धरते."

"सारेच धरतात जी. त्यात काय?"

"का धरतात?"

"पडीन असं वाटत असंल."

"तू पाडशील का?"

"मी? आजवर एक नाही पाडला."

"हे तुला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?"

मग मी तिला आजोबांचं सांगितलं. एका वाक्यात सांगितलं, तेवढंच होतं. तिने खाटेचं हँडल फिरवून पाठ खाली केली, गादीवरची चादर ताणली, आणि तिथेच गुडघ्यावर बसली, तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या पातळीला येईपर्यंत. "शित्सुरेइ शिमास." आता मी तुम्हाला भिंतीकडे वळवते. आणि थांबली. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. ती थांबूनच राहिली. तिच्या कपाळावर घाम आला तरी हात मांडीवरच होते. शेवटी मी हाइ म्हटलं.

त्या दिवसापासून सगळं सुधारलं असं नाही. चार वेळा बरोबर करायची आणि पाचव्या वेळेला हात निसटायचे. मी वहीत प्रत्येक निसटलेल्या हाताची एक उभी रेघ मारत असे आणि ती रोज येऊन रेघा बघायची. शेवटच्या आठवड्यात एकही रेघ नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी सात उमेदवार होते आणि सातही जणांना पेशंट मीच. काम एकच होतं: डावी बाजू गेलेल्या बाईला उठवून बसवायचं, अंगातला सदरा काढून पुढून उघडा स्वेटर घालायचा आणि चाकांच्या खुर्चीत बसवायचं. पाचव्या नंबरला ती. समोर टेबलावर शब्दकोशांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवला होता. त्यात टाय लावलेला एक गृहस्थ आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांची, एप्रन घातलेली बाई, जवळपास माझ्याच वयाची. आश्रमाचा एक मजला ती सांभाळते असं सेन्सेइंनी सांगितलं. नियम कडक होते. पेशंटशी आणि समोरच्यांशी फक्त जपानीत बोलायचं. त्यांना दोघेच हवे होते.

पहिल्या चौघांच्या वेळी माझा डावा हात ओंडक्यासारखा पडून होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ती आली. वाकली. गुडघ्यावर बसली. सांगितलं, थांबली, मी हाइ म्हटलं. उठवून बसवलं. सांगितलं, थांबली. सदरा उजव्या बाजूने काढला, मग डावीकडून. एकही हात निसटला नाही. मग तिने स्वेटरची डावी बाही उघडून धरली, मला सांगितलं की आता तुमच्या डाव्या हाताला हात लावते, आणि थांबली. मी हाइ म्हटलं.

आणि माझा डावा हात आपण होऊन उठला आणि सरळ बाहीत गेला.

मला एवढंच वाटत होतं की तिचं नीट व्हावं, लवकर व्हावं. तुमच्या बाबाला शाळेच्या घाईत स्वेटर घालताना तो हात पुढे करायचा ना, तसा मी केला. सातांपैकी फक्त तिच्यासाठी.

"आजी! तो हात उचलू नका नं! तो आता माझा आहे!"

मोठ्याने. मराठीत.

स्क्रीनवरच्या गृहस्थाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, आत्ता काय म्हणालात? तेवढं मला कळलं. ती काहीही सांगू शकली असती. मराठी कळणारं तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी तिच्याच बाजूची होते. ती सरळ उभी राहिली आणि जपानीत हळूहळू सांगू लागली. मी म्हणाले, हात उचलू नका, तो माझा आहे. मी यांच्यावर ओरडले. हे वाईट केलं. मग ती वाकली, स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे. आणि बाही हळूच काढून घेतली, पुन्हा गुडघ्यावर बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

या वेळी मी हात तिला दिला. तिने एक तळवा कोपराखाली आणि एक मनगटाखाली घेतला. अशा हाताचं वजन किती असतं ते मला माहीत आहे, चौदा महिने मी तो उचलला आहे. आता तो तिच्या हातात होता आणि मी काहीच करत नव्हते. बाही खांद्यापर्यंत आली. तिने मागून स्वेटर फिरवला, उजवा हात मी स्वतः घातला, बटणं तिने विचारून लावली. खुर्चीचे ब्रेक तिने दोनदा तपासले. मला उभं केलं, वळवलं, बसवलं.

संपलं असं वाटलं तेव्हा पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला विचारलं. बाकीच्यांच्या वेळी त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं. सावकाश, सोप्या शब्दांत: तुम्ही हात का उचललात?

माझ्याकडे शब्द थोडे होते. मी म्हटलं, "माझी चूक. मी घाई केली. ती नाही."

मग त्यांनी विचारलं, उठवताना भीती वाटली का?

हा शब्द माझ्या कार्डांच्या दुसऱ्या गठ्ठ्यात होता. मी सांगितलं, "कोवाकुनाकात्ता देस." म्हणजे भीती वाटली नाही. माझा उजवा हात मांडीवर होता. मी बघून खात्री केली होती.

बाईंनी मान हलवली. गृहस्थाने कागद उलटला. सहाव्या नंबरला बोलावण्यात आलं, आणि मी पुन्हा झोपले.

पाच दिवस निकाल आला नाही. ती फळा पुसायला माझ्याआधी उभी राहायची. वसतिगृहातली एक बॅग तिने भरून ठेवली आहे असं नेपाळच्या मुलीने सांगितलं. सेन्सेइंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कारण ते कधीच कळवत नाहीत. फक्त नावं येतात."

सहाव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सेन्सेइ फोन हातात घेऊन आल्या आणि दोन नावं वाचली. दुसरं नाव तिचं होतं.

मुलांनी ओरडा केला. ती भाताचा घास हातात धरून बसली होती. "सेन्सेइ, परत वाचा," ती म्हणाली. त्यांनी वाचलं. मग तिने घास खाल्ला, हात धुतले, खोक्यातून फोन घ्यायची परवानगी मागितली आणि माझ्या शेजारी बसून आईला लावला. स्पीकरवर, कारण त्या फोनचं कानाचं बिघडलं होतं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं म्हंजे? घेतलं तुले?"

"हो. दोन महिन्यांनी जायचं आहे."

"थंडी असते म्हन्ते तिथं."

"बर्फ पडते."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने ती संपू दिली. "म्हंजे आता तिथल्या म्हाताऱ्यायचं सारं तू करशील. न्हाऊ घालनं, जेवू घालनं."

"हो."

"इथं तुही आजी आहे म्हटलं. तिचं कोन करते? मीच करते."

वर्गात अजून गोंधळ चालू होता, कोणीतरी फळ्यावर तिचं नाव जपानीत लिहीत होतं. मुलीने फोन जरा जवळ ओढला.

"आई, तिचं आंग धुवायच्या आधी तिले विचारून पाह्य."

"काय विचारू?"

"धुवू का म्हणून. नुसतं विचार. मग थांब जराशी."

"अन् नाही म्हटलं तं?"

"म्हणू दे."

पलीकडे कुकर उतरवल्याचा आवाज आला. मग आईने विचारलं, तिथं जेवायला काय देतात, आणि तिने सांगितलं, भात.